पट्टी सुटताना

जखमेवरच्या ड्रेसिंगची पारख बहुधा ते बांधले जाते त्या वेळी केली जाते: कापड स्वच्छ आहे की नाही, औषध कोणते लावले, गुंडाळी नीट बसली की नाही. त्याची खरी परीक्षा मात्र ते सोडले जाते तेव्हा होत असते. जखमेतून पाझरणारी लस, म्हणजे रक्तवाहिन्यांतून झिरपणारा प्रथिनयुक्त द्रव, कोरड्या गॉजच्या जाळीत शिरते, तिथेच वाळून कडक होते, आणि तळातून नव्याने फुटलेले केशवाहिन्यांचे कोंब व काठावरून आत सरकू लागलेल्या त्वचेच्या पेशीही त्या धाग्यांत अडकून पडतात; मग दुसऱ्या दिवशी पट्टी ओढली की हे सारे तिच्यासोबत निघून येते, ताजे रक्त दिसते, आणि शरीराने रात्रभर जे विणले ते एका हिसक्यात उसवले जाते. गेल्या दीडशे वर्षांतील व्रणोपचाराचा इतिहास जंतूंशी झालेल्या लढ्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो आणि तो तसा आहेही. परंतु उपचार करणाऱ्या हाताला हळूहळू आवर कसा घातला गेला याचाही तो इतिहास आहे, आणि हा दुसरा भाग पाठ्यपुस्तकांत आला असला तरी वॉर्डातल्या ट्रॉलीपर्यंत पुरता पोहोचलेला नाही.

आवराचा पहिला प्रसंग जखम धुतानाच येतो. औषध झोंबले म्हणजे लागू पडले, ही समजूत आजीपासून कंपाउंडरपर्यंत सर्वांनी जपलेली आहे, आणि म्हणूनच उघड्या मांसावर स्पिरिट किंवा पाणी न मिसळलेले डेटॉल ओतणारा माणूस क्रूर न वाटता कर्तव्यदक्ष वाटतो. जखम धुण्याचा मूळ हेतू मात्र त्यातून काढून टाकणे हा आहे. माती, खडी, कपड्याचे तंतू, साकळलेले रक्त, मेलेल्या ऊतींचे तुकडे हे जोवर आत आहेत तोवर थोड्याशा जंतूंनाही तिथे बस्तान बसवता येते, आणि ते निघून गेले की उरलेल्या जंतूंचा समाचार घ्यायला रक्तातील पांढऱ्या पेशी सहसा पुरेशा पडतात. त्यासाठी लागते ते पाणी आणि त्या पाण्याला थोडा जोर. रुग्णालयात वापरले जाणारे नॉर्मल सलाइन म्हणजे एका लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ असलेले निर्जंतुक पाणी. शरीरातील द्रवांशी त्याची क्षारता जुळत असल्यामुळे पेशी त्यात फुगत नाहीत की आकसत नाहीत. पिण्यायोग्य नळाच्या पाण्याने जखम धुतल्यास जंतुसंसर्ग वाढतो असे तौलनिक चाचण्यांत दिसून आलेले नाही, आणि जिथे पाण्याची खात्री नाही तिथे ते उकळून गार केलेले चालते. जोराचे गणितही ठरलेले आहे: ३५ मिलिलिटरच्या सिरिंजला १९ क्रमांकाची सुई लावून दट्ट्या दाबला तर दर चौरस इंचाला सुमारे ८ पौंड दाबाची धार मिळते, ४ पौंडांपेक्षा कमी दाबाने घाण सुटत नाही, तर १५ पौंडांच्या वर ती ऊतींत आणखी खोल ढकलली जाते. कापसाच्या बोळ्याने जखम पुसण्यात वाईट एवढेच नसते की ती दुखते. कापूस स्वतःचे तंतू मागे ठेवून जातो, म्हणजे स्वच्छतेच्या नावाखाली नवी घाण आत शिरते.

जोसेफ लिस्टर यांनी १८६५ साली ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत गाडीच्या चाकाखाली पाय सापडलेल्या ११ वर्षांच्या एका मुलाच्या जखमेवर कार्बोलिक आम्लात भिजवलेले कापड बांधले, आणि १८६७ मध्ये आपले अनुभव ‘लॅन्सेट’मधून प्रसिद्ध केले. हाड मोडून बाहेर आले म्हणजे पाय कापावा लागतो किंवा माणूस दगावतो असे धरून चालणाऱ्या काळात तो मुलगा पायासकट घरी गेला, ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. कमी सांगितले जाते ते हे की, कार्बोलिक आम्ल जंतूंबरोबर त्वचाही भाजते हे लिस्टर यांच्या लवकरच लक्षात आले, आणि पुढे त्यांनी औषधी गॉजचे थर आणि जखम यांच्यामध्ये तेलकट रेशमाचा, रोगण दिलेला एक पातळ पडदा घालायला सुरुवात केली. जंतुनाशक उपचाराच्या जनकाला आपल्याच औषधापासून जखमेचे रक्षण करावे लागले. हा पडदा म्हणजे आजच्या न चिकटणाऱ्या ड्रेसिंगचा एक पूर्वज आहे, आणि कार्बोलिकच्या कीर्तीपुढे तो विस्मरणात गेला याचे नवल वाटत नाही; मारणारी वस्तू राखणाऱ्या वस्तूपेक्षा नेहमीच अधिक लक्षात राहते.

पहिल्या महायुद्धात हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर पुढे आला. फ्रान्समधील बुलोन येथे एका कॅसिनोत थाटलेल्या लष्करी रुग्णालयात अल्मरॉथ राइट यांच्या हाताखाली काम करणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी काचेच्या नळीच्या तळाला वितळवून वाकडेतिकडे पोकळ काटे काढले, म्हणजे बाँबगोळ्याच्या तुकड्याने झालेल्या जखमेच्या कानाकोपऱ्यांची एक प्रतिकृती तयार केली, तिच्यात जंतू वाढवले, मग ती रिकामी करून जंतुनाशकाने भरली आणि पुन्हा रिकामी करून स्वच्छ द्रवाने भरली. दुसऱ्या दिवशी जंतू जसेच्या तसे वाढलेले दिसले, कारण औषध त्या काट्यांच्या टोकापर्यंत पोहोचतच नव्हते. जखमेत मात्र ते जिथे पोहोचत होते तिथे जंतूंच्या आधी पांढऱ्या पेशींचा बळी घेत होते. पेनिसिलिनच्या एक तपापूर्वीचे हे फ्लेमिंग कमी प्रसिद्ध आहेत, पण व्रणोपचाराच्या दृष्टीने त्यांचे हे काम फार मोलाचे आहे. त्याच युद्धात अलेक्सिस कॅरेल आणि हेन्री डेकिन यांनी ०.५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचा सौम्य द्रव रबरी नळ्यांनी जखमेत ठरावीक वेळाने सोडण्याची पद्धत बसवली, आणि तिचे यश औषधाइतकेच त्याआधी शस्त्राने केलेल्या सफाईचे व सतत धुण्याचे होते. हायड्रोजन पेरॉक्साइडची कथा त्यामानाने सोपी आहे: रक्त आणि ऊती यांतील कॅटलेज नावाचे विकर त्याचे क्षणात पाणी आणि ऑक्सिजन करते, फेस उसळतो, आणि त्या फेसाने बघणाऱ्याचे जितके समाधान होते तितके जखमेचे होत नाही.

याचा अर्थ जंतुनाशके टाकून द्यावीत असा नव्हे. चिघळलेल्या, पू असलेल्या जखमेत पोव्हिडोन आयोडीन, ज्याला लोक बेटाडीन या व्यापारी नावानेच ओळखतात, काही दिवस उपयोगी पडते. ते लाल मांसांकुर भरून आलेल्या, बऱ्या होऊ घातलेल्या जखमेवर महिनाभर ओतत राहणे ही सवय असते, उपचार नव्हे. कुत्रे चावल्याची जखम तर पूर्ण वेगळ्याच नियमाने धुवावी लागते. रेबीजच्या विषाणूभोवती स्निग्ध द्रव्याचे आवरण असते आणि साबणाने ते फुटते. म्हणून वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण १५ मिनिटे ती जखम धुवायची, नंतर आयोडीन लावायचे, शक्यतो टाके घालायचे नाहीत, घट्ट बांधायचे नाही, आणि रेबीज-प्रतिबंधक लस व आवश्यक तर प्रतिपिंडांचे इंजेक्शन यांसाठी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तिखट किंवा चुना भरण्याची जुनी रीत नेमकी या १५ मिनिटांची चोरी करते.

बांधणी कधी सोडावी हा विचार भारतात फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात व्रणाच्या बंधांचे चौदा प्रकार सांगितले आहेत, आणि अवयवाप्रमाणे बंध गाढ, सम की शिथिल असावा याचा विवेक केला आहे. अळशीच्या धाग्याचे क्षौम, कापूस, लोकर, कौशेय म्हणजे रेशीम अशी बांधण्याच्या वस्त्रांची यादी आहे, आणि तीळ, मध व तूप यांच्या कल्काने माखलेली विकेशिका, म्हणजे जखमेत सारायची कापडाची वात, वर्णिली आहे. सर्वांत लक्षणीय आहे ते सोडण्याचे वेळापत्रक: हेमंत, शिशिर आणि वसंत ऋतूंत तिसऱ्या दिवशी, तर शरद, ग्रीष्म आणि वर्षा ऋतूंत दुसऱ्या दिवशी पट्टी बदलावी, आणि काही व्रण, उदाहरणार्थ भाजल्याचे, बांधूच नयेत. रोज सकाळी सरसकट सगळ्यांच्या पट्ट्या उलगडण्याच्या आधुनिक वॉर्डातील रिवाजापेक्षा ही दृष्टी अधिक चिकित्सक म्हणावी लागेल. मराठी घरांत पट्टीची जी कथा सर्वांना ठाऊक आहे, ती श्रीकृष्णाच्या कापलेल्या बोटासाठी द्रौपदीने आपले भारी वस्त्र फाडल्याची. त्या कथेतील भक्तिभाव बाजूला ठेवून निव्वळ ड्रेसरच्या नजरेने पाहिले, तरी निवड तशी वाईट नव्हती. गुळगुळीत रेशीम सुती चिंधीपेक्षा कमी चिकटते, अर्थात जरीचा काठ बोटाकडे येणार नाही एवढी काळजी घेतली असेल तर.

“जखम उघडी ठेवा, वारा लागू द्या, खपली धरू द्या” या सल्ल्याला शास्त्रीय धक्का बसला तो १९६२ साली. जॉर्ज विंटर यांनी डुकराच्या पिलांच्या त्वचेवर उथळ जखमा केल्या, काही उघड्या ठेवल्या आणि काहींवर पॉलिथीनचा पातळ पापुद्रा लावला. पापुद्र्याखालच्या जखमांवर नवी त्वचा उघड्या जखमांच्या जवळजवळ दुप्पट वेगाने पसरली, आणि पुढच्याच वर्षी माणसाच्या त्वचेवरही तसेच आढळले. कारण समजायला कठीण नाही. नवी त्वचा काठावरून आणि केसांच्या मुळांजवळून पेशीमागून पेशी सरपटत येते, आणि सरपटण्यासाठी तिला ओलसर पृष्ठभाग लागतो. वर कोरडी खपली असली तर खपलीखालचा वाळलेला थर टाळून तिला खोलवरून, वळसा घालून जावे लागते. ओलावा म्हणजे चिकचिक नव्हे. फार ओल राहिली तर काठची निरोगी कातडी पांढरी पडून भिजते, सुरकुतते आणि जखम रुंदावते, म्हणून प्रश्न ओल ठेवण्याचा नसून ती बेताची ठेवण्याचा आहे. एक अपवाद मात्र डॉक्टरने कधीही विसरू नये असा आहे: रक्तपुरवठा तुटल्यामुळे काळी, कोरडी, कडक झालेली पायाची बोटे ओली केली तर कोथ वर चढतो; तिथे रक्तप्रवाहाची तपासणी होईपर्यंत कोरडेपणाच राखायचा असतो.

ड्रेसिंगची निवड या बेताच्या ओलीवर उभी आहे, आणि म्हणून ती रोगाच्या नावावरून न करता त्या दिवशीच्या जखमेच्या रूपावरून करावी लागते. कोरड्या पडलेल्या जखमेला ओल पुरवणारे हायड्रोजेल लागते. थोडी लस असलेल्या उथळ जखमेला पारदर्शक फिल्म किंवा हायड्रोकोलॉइड, म्हणजे लस शोषून स्वतः मऊ गर बनणारी पट्टी, पुरते. भरपूर पाझरणाऱ्या जखमेला फोम किंवा तपकिरी समुद्रशैवालापासून काढलेले अल्जिनेट लागते, ज्यातील कॅल्शियमची जागा लसीतील सोडियम घेतो आणि तंतूंचा लिबलिबीत थर होतो. पिवळट चिकट मळ किंवा काळा पापुद्रा असेल तर तो आधी काढावा लागतो, कधी शस्त्राने, कधी ओल राखून शरीराच्याच विकरांकरवी. पोकळ जखमेत पट्टी सैल भरायची असते, ठासून नव्हे. तीच जखम पंधरा दिवसांनी वेगळी दिसते आणि तेव्हा ड्रेसिंगही बदलावे लागते. एकदा लिहून दिलेले ड्रेसिंग महिनोन्‌महिने चालू राहते, कारण केसपेपरवर ते लिहिलेले असते.

न चिकटणाऱ्या पट्टीचा शोध सिनेमाच्या इतिहासाशी जोडलेला आहे. ज्या ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत वॉटसन हॉटेलात झाला, त्यांपैकी ऑग्युस्त ल्युमिएर पुढे वैद्यकीय संशोधनाकडे वळले, आणि पहिल्या महायुद्धात त्यांनी पडद्याच्या जाळीदार कापडाला व्हॅसलिन व थोडा पेरू बाल्सम लावून तुल ग्रा ही पट्टी तयार केली. शासकीय रुग्णालयांत आजही दिसणारे व्हॅसलिन गॉज आणि सोफ्राट्यूल तिचेच वंशज. परंतु भाजलेल्या माणसाच्या बाबतीत हेही महाग पडते, कारण तिथे जखम बोटभर नसते, पाठभर, छातीभर असते, आणि आधुनिक फोमचा एक तुकडा शेतमजुराची दिवसाची मजुरी सहज खाऊन टाकतो.

मुंबईतील काही शल्यविशारदांनी या अडचणीला जे उत्तर दिले ते जगाच्या व्रणोपचारात नोंदले गेले आहे, पण मराठी वाचकाला ते फारसे परिचित नाही. परळच्या बाई जेरबाई वाडिया मुलांच्या रुग्णालयात डॉ. मनोहर केसवानी यांनी भाजलेल्या मुलांच्या जखमांवर उकडलेल्या बटाट्याची साले गॉजवर बसवून, निर्जंतुक करून, बांधायला सुरुवात केली आणि १९८५ मध्ये ‘बर्न्स’ या नियतकालिकात त्याचा प्राथमिक अहवाल दिला. सालीत काही जादूचे औषध नव्हते. तिने जंतू मारले म्हणून नव्हे, तर जखम वाळू दिली नाही आणि सुटताना ओढ बसू दिली नाही म्हणून ती उपयोगी पडली. पुढे शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचे पान घेतले. मेणचट, गुळगुळीत, रुंद आणि बारमाही मिळणारे हे पान निर्जंतुक करून त्याची पट्टी बनवली, आणि भाजलेल्या जखमांवर तसेच त्वचारोपणासाठी जिथली कातडी काढली जाते त्या जागेवर ती वापरून पाहिली. २००३ मधील त्यांच्या निबंधांत पानाची पट्टी सालीइतकीच गुणकारी आणि तयार करायला सोपी व स्वस्त ठरली, व ती सोडताना दुखले नाही. भाजलेल्या मुलाचे ड्रेसिंग ज्याने पाहिले आहे त्याला या शेवटच्या वाक्यांशाचे वजन सांगावे लागत नाही. त्याच रुग्णालयात २००० साली डॉ. गोरे यांच्याच पुढाकाराने देशातील पहिली त्वचापेढी सुरू झाली, हेही याच विचाराचे टोक आहे: मृत्यूनंतर सुमारे सहा तासांत मांड्या, पाय व पाठ यांवरून काढलेला कातडीचा अगदी पातळ थर ग्लिसरॉलमध्ये पाच वर्षांपर्यंत टिकतो, आणि व्यापक भाजलेल्या माणसासाठी दुसऱ्या माणसाच्या त्वचेइतके चांगले तात्पुरते आवरण अजून कोणत्याही कारखान्याला बनवता आलेले नाही.

सोलापूरच्या वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांचे मधाचे काम यापेक्षा अधिक गाजले आणि अधिक वादाचे ठरले. १९९१ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’त त्यांनी मध आणि सिल्व्हर सल्फाडायझीन यांची भाजलेल्या १०४ रुग्णांवरील तुलना प्रसिद्ध केली व मधाच्या बाजूने कौल दिला; पुढेही त्यांनी अशा अनेक चाचण्या केल्या. मधाची साखर लस ओढून घेते, त्याची आम्लता जंतूंना मानवत नाही, आणि त्यातील एक विकर अगदी थोडे थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करत राहते, म्हणजे बाटलीतून ओतल्यावर जे अपाय करते तेच येथे सोसवेल अशा मात्रेत मिळते. आंतरराष्ट्रीय पुनरावलोकनांनी उथळ भाजण्यावर मध उपयुक्त असल्याचे मान्य केले, पण त्यातला बराच पुरावा एकाच केंद्रातून आलेला आहे, तेव्हा तो इतरत्र पडताळला गेला पाहिजे, असाही शेरा मारला. हा शेरा योग्य आहे. आपल्याकडची गोष्ट म्हणून ती कमी तपासावी असे नाही, आणि वैद्यकीय वापरासाठी गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला मध आणि फडताळातली बाटली यांत फरक आहे, कारण मधात बीजाणू जिवंत राहू शकतात.

हळदीच्या बाबतीत अभिमानाचा सूर आधीच एवढा लागला आहे की तपासणीचा आवाज ऐकू येत नाही. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेले, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने जुने ग्रंथ पुढे करून त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. त्या लढाईत सिद्ध झाले ते एवढेच की हा वापर नवा नाही. तो किती परिणामकारक आहे हा प्रश्न पेटंट कार्यालयापुढे नव्हताच. शेतात विळा लागला की चोळून लावला जाणारा दगडी पाला, ज्याला एकदांडी असेही म्हणतात, रक्त थांबवण्यासाठी उपयोगी पडत असेल. पण ही वनस्पती मूळची अमेरिकेची आहे, आणि बांधावरच्या पाल्याबरोबर धनुर्वाताचे बीजाणूही येतात. चुलीची राख, तंबाखू, भाजल्यावर टूथपेस्ट यांची वकिली कोणत्याच बाजूने करता येत नाही. भाजलेल्या जागेवर पहिल्या काही मिनिटांत वाहते गार पाणी २० मिनिटे सोडणे यापुढे ते सारे फिके आहे.

इतके करूनही न भरणाऱ्या जखमा असतात, आणि तिथे ड्रेसिंगच्या निवडीला मर्यादा पडते. मधुमेह्याच्या किंवा कुष्ठरुग्णाच्या तळपायाची जखम हे याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण. डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरला आले तेव्हा कुष्ठरुग्णांचे मांस रोगामुळेच कुजते, ते भरून येऊ शकत नाही, असा समज होता. संवेदना गेलेल्या पायावर माणूस लंगडत नाही, एकाच हाडाखालच्या कातडीवर दिवसभर पुन्हा पुन्हा भार पडत राहतो, आणि जखम त्या भाराने होते व टिकते, हे त्यांनी दाखवून दिले. पायाला प्लास्टर घालून तो भार सगळ्या तळव्यावर वाटला की वर्षानुवर्षांच्या जखमा काही आठवड्यांत भरत, मध्ये एकदाही पट्टी न सोडता. प्लास्टर काढल्यावर माणूस पुन्हा अनवाणी चालू लागला की जखम पुन्हा उघडे, म्हणून मायक्रोसेल्युलर रबराच्या मऊ तळाच्या, एमसीआर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चपला कुष्ठरोग कार्यक्रमातून दिल्या जाऊ लागल्या. पुष्कळांनी त्या घातल्या नाहीत. ठरावीक रंगाची, ठरावीक बेताची ती चप्पल पायात दिसली की गावात आणि एसटीत लोकांना कारण कळत असे, आणि न दुखणाऱ्या जखमेपेक्षा ती ओळख अधिक दुखत असे. कार्यक्रम चालवणाऱ्यांना पुढे रंग आणि पट्टे बदलून बाजारातल्या चपलांसारख्या दिसतील अशा एमसीआर चपला करून घ्याव्या लागल्या, आणि मगच त्या पायात राहू लागल्या.